शॉकअप बदलले आणि गाडी डबल स्टँडवर थांबंना झाली, यामागचं गणित नेमकं काय आहे?

पाटोदा तालुक्यातलं एक गाव. सकाळचे साडेसहा. दूध संकलन केंद्राच्या पुढं गाड्यांची रांग लागलेली. आमचा मावसभाऊ नेहमीप्रमाणं आला, गाडी डबल स्टँडवर लावली, डाव्या बाजूचा कॅन सोडला आणि उचलला. पुढच्या सेकंदाला गाडी हळूच पुढं सरकली, स्टँड दुमडला आणि राहिलेल्या कॅनसकट गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. चाळीस लिटर दूध मुरमात. हजार-बाराशेचा माल गेला तो गेलाच, वर ब्रेकचं पायडल वाकलं आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराचा पाय थोडक्यात वाचला.

भाऊ म्हणाला, "आरं, दहा वर्षं याच स्टँडवर लावायलोय गाडी. आजच काय झालं हिला?"

आज काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते चार दिवसांपूर्वी. जुने शॉकअप गळायला लागले होते, म्हणून त्यानं तालुक्याच्या गावात नवे बसवून घेतले होते. दुकानदारानं सांगितलं होतं, "हे जरा लांब आहेत, लोडला भारी चालतात." गाडी मागून उचलल्यासारखी दिसायला लागली, खड्ड्यात खाली टेकायची बंद झाली, भाऊ खूश. स्टँड आधीपेक्षा हलका लागतोय हेही त्याला जाणवलं होतं. त्याला वाटलं, नवीन शॉकअपचा फायदा.

तो फायदा नव्हता. तीच पहिली खूण होती.

तर विषय असा आहे की मागचे शॉकअप बदलले की डबल स्टँडचं सगळं गणित बदलतं, आणि आपल्याकडं ही गोष्ट गाडी पडल्याशिवाय कुणी बोलत नाही. शोरूमवाला सांगत नाही, कारण तो कंपनीच्या मापाचेच शॉकअप बसवतो. बाहेरचा मिस्त्री सांगत नाही, कारण त्याचं काम गाडी नीट चालते का बघणं, नीट उभी राहते का हे बघणं नाही. पण बीडसारख्या जिल्ह्यात गाडी उभी राहणं ही चालण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

शहरात राहणाऱ्याला हे पटायचं नाही. तिकडं गाडी साईड स्टँडवर टेकवली की काम झालं. नवीन स्पोर्ट बाईकला तर डबल स्टँड येतच नाही. पण आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात मोटरसायकल म्हणजे मालवाहतुकीचं वाहन आहे. दुधाचे कॅन, पेंडीचं पोतं, कडब्याच्या पेंढ्या, सीताफळाच्या सीझनमध्ये क्रेट, खताची गोणी. यातलं काहीही गाडीवर चढवायचं असेल तर गाडी सरळ उभी पाहिजे. साईड स्टँडवर गाडी आधीच डावीकडं कललेली असते. त्याच बाजूला चाळीस लिटरचा कॅन अडकवला तर काय होतं हे सांगायची गरज नाही.

आता वजनाचा अंदाज घ्या. चाळीस लिटर दूध म्हणजे साधारण ४१ किलो. अ‍ॅल्युमिनियमचा कॅन रिकामा सहा-सात किलोचा असतो. म्हणजे दोन भरलेले कॅन मिळून ९५ किलोच्या आसपास गेले. गावागावात दिसणाऱ्या स्प्लेंडरचं स्वतःचं वजन ११२ किलोच्या जवळपास आहे. म्हणजे गाडीवर जवळपास आणखी एक गाडी बसवल्यासारखं झालं. हे सगळं ओझं दोन इंच रुंदीच्या दोन लोखंडी पायांवर उभं असतं.

तेव्हा आधी तो स्टँड काम कसं करतो ते बघू.

डबल स्टँड गाडीच्या चासीला खालून एका आडव्या पिनवर अडकवलेला असतो. आपण पायानं दाबतो, तो खाली येतो, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, मग आपण गाडी मागं आणि वर ओढतो. गाडी वर चढते, थोडी मागं जाते आणि टक्क आवाज करून बसते. त्या 'टक्क'मध्येच सगळी गंमत आहे. गाडी बसते तेव्हा स्टँडचे पाय वरच्या पिनच्या बरोबर खाली नसतात, किंचित पुढं असतात. त्यामुळं गाडीचं वजन स्टँडला अजून पुढं ढकलतं. पण पुढं जायला जागा नसते, कारण तिथं अडवणारी खीळ असते. म्हणजे गाडी जितकी जड, स्टँड तितका घट्ट. स्टँडला कुलूप नाही, खिट्टी नाही. गाडीचं वजन हेच त्याचं कुलूप.

आणि म्हणूनच गाडी स्टँडवरून काढताना आपण पुढं ढकलतो. पिन पायांच्या पुढं गेली की कुलूप उघडलं. उतारावर गाडीचं तोंड खाली करून डबल स्टँड लावू नये असं जाणती माणसं सांगतात, ते याचमुळं. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात गाडी लावायची वेळ आली तर तोंड चढाकडंच पाहिजे.

आता मागचं चाक. गाडी स्टँडवर असताना मागचं चाक हवेत लोंबकळत असतं. किती खाली लोंबकळायचं हे कोण ठरवतं? शॉकअप. शॉकअप पूर्ण उघडल्यावर जेवढा लांब होतो, तिथपर्यंत चाक खाली येतं, त्याच्या खाली नाही.

म्हणजे तीन मापं झाली. पहिलं, स्टँड चासीला जमिनीपासून किती उंच धरतो. हे कायम, स्टँड लोखंडाचा आहे, तो वाढत नाही. दुसरं, शॉकअप पूर्ण उघडल्यावर चाक चासीपासून किती खाली येतं. तिसरं, चाकाची आणि टायरची मिळून उंची. पहिल्यातून बाकीची दोन वजा केली की उरतं ते टायर आणि जमिनीतलं अंतर. कंपनी हे अंतर इंच-दीड इंचाच्या आसपास ठेवते. कमी ठेवलं तर चाक काढता-घालता येत नाही. जास्त ठेवलं तर स्टँड लावताना गाडी तेवढी जास्त उचलावी लागते, आणि बारीक अंगाच्या माणसाला ते झेपत नाही.

आता शॉकअप दीड इंच लांब बसवला तर? चाक दीड इंच जास्त खाली येणार. खरं तर त्याहून थोडं जास्तच, आणि हे समजायला अडकित्ता डोळ्यासमोर आणा. अडकित्त्याची एक बाजू खिळ्यावर फिरते. खिळ्याजवळ पातं थोडंसं हलतं, मुठीकडं भरपूर हलतं. गाडीचा मागचा चिमटा अगदी तसाच आहे. पुढच्या टोकाला बोल्टवर फिरतो, मागच्या टोकाला चाक. शॉकअप चाकाच्या जवळ पण थोडा पुढं लावलेला असतो, शिवाय तिरका असतो. म्हणून शॉकअप १० मिलिमीटर लांब झाला तर चाक ११-१२ मिलिमीटर खाली जातं.

दोन शॉकअपच्या गाडीत हा फरक किरकोळ आहे. मोनोशॉकच्या गाडीत नाही. तिथला एकुलता एक शॉकअप चिमट्याच्या पुढच्या बाजूला, खिळ्याच्या जवळ असतो. तिथं १० मिलिमीटरचा फरक चाकापाशी २० ते ३० मिलिमीटर होऊन बसतो. म्हणजे पुण्याहून मागवलेला मोनोशॉक 'फक्त एक सेंटिमीटर लांब' असेल तर डबल स्टँड तिथंच संपला समजा.

भावाच्या गाडीचं हेच झालं होतं. जुने आणि नवे शॉकअप शेजारी ठेवून मोजले तर फरक जवळपास दीड इंचाचा निघाला, ३८ मिलिमीटर. चाकापाशी तो ४२ च्या घरात गेला. आणि आधी टायरखाली जागा होती जेमतेम एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर. हिशोब सरळ आहे. स्टँड लावल्यावर चाक हवेत राहतच नव्हतं. गाडी स्टँडवरही उभी होती आणि मागच्या चाकावरही. स्टँड हलका लागत होता तो याच कारणानं, गाडी उचलावी लागतच नव्हती.

मग प्रश्न येतो की भरलेली गाडी लावली तेव्हा ती नीट उभी राहिली, आणि एक कॅन काढल्यावर पडली, असं का? ओझं कमी झाल्यावर तर गाडी जास्त स्थिर पाहिजे.

इथं स्प्रिंग खेळ करते. चाक जमिनीला टेकलंय आणि शॉकअप दाबलेला आहे, म्हणजे स्प्रिंग गाडीला वर ढकलतीय. ९५ किलोचं ओझं असताना गाडी खाली दबलेली होती, त्यामुळं स्टँडच्या पायांवर पुरेसं वजन होतं आणि कुलूप बसलेलं होतं. एक कॅन उचलला, ४७-४८ किलो एका झटक्यात कमी झाले. स्प्रिंगनं गाडी वर उचलली. स्टँडचे पाय हलके झाले. कुलूप उघडलं. त्यात कॅन उचलताना गाडीला पुढं हलका धक्का बसतोच. मागचं चाक जमिनीवर, गाडी न्यूट्रलला, ती पुढं गडगडली आणि स्टँड दुमडला. दुसऱ्या बाजूला ४८ किलो लटकलेलेच होते, ती त्या बाजूला गेली.

म्हणजे भरलेल्या गाडीवर स्टँड तपासून बघितला आणि 'चांगला बसतोय' म्हणून समाधान करून घेतलं, तर ते फसवं आहे. तपासायचं ते रिकाम्या गाडीवर.

तपासायची पद्धत फार सोपी आहे, त्याला ना गॅरेज लागतं ना मिस्त्री. गाडी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर डबल स्टँडला लावा. पोराची शंभर पानी वही घ्या आणि मागच्या टायरखालून सरकवून बघा. एकावर एक दोन वह्या गेल्या तर ठीक. एकच जात असेल तर सावध व्हा, कारण फरशीवर एक वही जाते ती शेतात जात नाही. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात पावसाळ्यात स्टँडचे पाय बघता बघता इंचभर रुततात. बालाघाटाच्या माळावर मुरूम असतो तिथं रुतत नाही, पण खालचा एक दगड चाकाखाली आला की तेच. वही जातच नसेल तर स्टँड हा शोभेला आहे एवढं धरून चाला. अजून एक खूण म्हणजे चाक हातानं फिरवून बघणं. स्टँडवर असताना ते मोकळं फिरलं पाहिजे, जमिनीला घासता कामा नये.

इथं एक मोठा गैरसमज आहे तो काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं की शॉकअप 'कडक' केला की हा त्रास होतो. स्प्लेंडरच्या मागच्या शॉकअपला पाच टप्प्यांची सेटिंग असते, खालच्या बाजूची कडी पान्यानं फिरवायची. ती कडी कितीही फिरवा, पूर्ण उघडलेल्या शॉकअपची लांबी बदलत नाही. स्प्रिंग आतल्या आत आवळली जाते इतकंच. गाडी चालताना कमी दबते, उभी असताना थोडी उंच दिसते, पण स्टँडवर चाक तेवढंच लोंबकळतं. स्प्रिंगच्या वेढ्यात रबर घालतात, त्याचंही तेच. कडक स्प्रिंग टाकली तरी तेच. उलट ओझ्यासाठी गाडी कडक करायची असेल तर हेच मार्ग बरोबर आहेत. लांब शॉकअप हा ओझ्यावरचा उपाय नाहीच. लांबी आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात मात्र दोन्ही एकाच वाक्यात विकल्या जातात.

टायर मात्र यात येतो. १८ इंची चाकावर ८०/१०० मापाचा टायर काढून १००/९० चा टाकला तर टायरची उंची ८० मिलिमीटरवरून ९० वर जाते. म्हणजे स्टँडखालची जागा १० मिलिमीटरनं कमी झाली. गाडीला लांब शॉकअपही टाकले आणि जाड टायरही टाकला तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात.

बरं, मग लोक लांब शॉकअप टाकतात तरी का?

दोन प्रकारची माणसं आहेत. एक म्हणजे कॉलेजची पोरं, ज्यांना गाडी मागून उचललेली पाहिजे. त्यांना समजावण्यात अर्थ नाही, वय झालं की उतरतं. दुसरी म्हणजे भावासारखी माणसं, ज्यांची गाडी खरंच खाली टेकते. वाड्या-वस्त्यांचे रस्ते, प्रत्येक घरापुढं ज्याच्या-त्याच्या मर्जीनं घातलेले स्पीडब्रेकर, वर शंभर किलो ओझं. स्प्लेंडरचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर. ओझं टाकल्यावर तो आणखी कमी होतो. कंपन्यांनाही हे कळतंच. आपल्या शेजारी वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, त्याच बजाजनं प्लॅटिनासारख्या साध्या गाडीला स्प्रिंगमध्ये स्प्रिंग घालून मागं ११० मिलिमीटरची हालचाल आणि २०० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स दिला, तो गावाकडचे रस्ते बघूनच. पण फरक हा की कंपनी गाडी उंच करते तेव्हा स्टँडही त्या मापाचा देते. आपण फक्त शॉकअप बदलतो.

आणि एकटा स्टँडच बिघडतो असंही नाही. साईड स्टँडची लांबीही ठरलेली असते. गाडी मागून उंच झाली की ती साईड स्टँडवर जास्त डावीकडं कलते. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला टेकते, चिखलात अजून झुकते आणि शेवटी झोपते. चेनचंही गणित हलतं. इंजिनचं छोटं चाक, चिमट्याचा बोल्ट आणि मागच्या चाकाचा मध्य हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. चाक त्या रेषेच्या खाली गेलं की चेन सैल होते. लांब शॉकअपमुळं चिमटा जास्त खाली झुकतो, म्हणून स्टँडवर चेन फार सैल दिसते. मिस्त्री ती तिथंच आवळून देतो. मग दोन कॅन टाकले, गाडी दबली, तिन्ही बिंदू रेषेत आले की चेन तारेसारखी ताणते. असं महिनाभर चाललं की बेअरिंग आवाज करायला लागतं आणि आपण शिव्या चेनच्या कंपनीला देतो. म्हणून चेनचा ढिलेपणा स्टँडवर बघितला तरी एकदा गाडीवर माणूस बसवूनही बघायचा.

हेडलाईटही खाली बघायला लागतो, कारण मागचं टोक वर गेलं की पुढचं खाली जातं. रात्री कॅन घेऊन निघणाऱ्याला उजेड दहा फुटांवरच पडतो. हा साधा स्क्रू आहे, पण कुणी फिरवत नाही. हँडल थोडं चंचल होतं. ड्रम ब्रेकचा रॉड एकदा तपासून घ्यावा लागतो. आणि इंजिन ऑईल? ते गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला सरळ उभी करून बघायचं असतं, काडी पुसून, न आवळता आत टेकवून. स्टँडच नीट बसत नसेल तर ते मापही चुकतं.

पण खेड्यात सगळ्यात जास्त अडतं ते पंक्चरला. मागचं चाक काढायचं तर गाडी स्टँडवर आणि चाक हवेत पाहिजे. चाक जमिनीला टेकलेलं असेल तर एक्सल निघत नाही, निघाला तर चाक सरकत नाही, आणि काढलंच तर हवा भरलेलं चाक परत आत जात नाही. पंक्चरवाला मग चासीखाली दगड लावतो. दगड सरकला की हात त्याचा जातो.

आता उलटा प्रकार पण बघून घ्या, कारण तोही होतो. उंचीनं कमी असलेली माणसं पाय टेकावेत म्हणून आखूड शॉकअप टाकतात. बुलेटवाल्यांमध्ये हे जास्त. तिथं स्टँडवर चाक चांगलं वर राहतं, तक्रार नसते. पण गाडी उभी असताना खाली बसलेली असते, त्यामुळं स्टँडवर चढवायला ती जास्त उचलावी लागते आणि कंबर धरते. शिवाय दुमडलेला स्टँड जमिनीच्या जवळ येतो. स्पीडब्रेकरवर घासला तर निदान आवाज येतो. वळणावर गाडी झुकवलेली असताना घासला तर मागचं चाक उचललं जातं आणि गाडी हातातून सुटते. घाटातल्या वळणावर हे परवडणारं नाही.

गळक्या जुन्या शॉकअपनंही थोडंफार असंच होतं. गाडी बसते, स्टँड जड लागतो, आपल्याला त्याची सवय होते. त्यामुळं कंपनीच्याच मापाचे नवे शॉकअप टाकले तरी स्टँड आधीपेक्षा हलका लागू शकतो, आणि त्यात काही चूक नसते. म्हणूनच 'हलका लागला' एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. निकाल वहीनं द्यायचा.

मग करायचं काय?

सरळ उत्तर म्हणजे मूळ मापाचे शॉकअप. विकत घेताना जुना शॉकअप सोबत न्यायचा आणि दुकानातच दोन्ही शेजारी धरून मोजायचे. बाहेरून टोकापासून टोकापर्यंत मोजू नका, त्यात फसवणूक होते. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. मध्य नजरेनं सापडत नसेल तर एक युक्ती आहे. दोन्ही भोकं सारखी असतील तर वरच्या भोकाच्या वरच्या कडेपासून खालच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा, उत्तर तेच येतं. चार-पाच मिलिमीटरचा फरक दोन शॉकअपच्या गाडीत खपून जातो. दहाच्या पुढं गेला तर दुकानदार काहीही म्हणू दे. 'सगळ्या शंभर सीसीला एकच बसतो' असं जो म्हणतो त्याला भोकं बसतात एवढंच म्हणायचं असतं.

लांब शॉकअप ठेवायचेच असतील तर तात्पुरता उपाय फळीचा. इंचभर जाडीची, दोन्ही पाय मावतील एवढी एकच फळी स्टँडखाली घालायची. घरी, गोठ्यात, ठरलेल्या जागी हे छान चालतं. पण एकाच पायाखाली वेगळा तुकडा घातला तर गाडी तिरकी उभी राहते, आणि वीट अजिबात घालू नका, वीट फुटते.

कायमचा उपाय म्हणून लोक स्टँडला वेल्डिंग मारून घेतात. पायांच्या तळाला लोखंडाचा तुकडा जोडायचा आणि उंची वाढवायची. हे होतं, पण इथं फॅब्रिकेशनवाल्याच्या मनावर सोडायचं नाही. आधी लाकडाच्या पट्ट्या खाली घालून किती वाढवायचं ते नक्की करा, टायरखाली इंचभर जागा आली की बास. गरजेपेक्षा जास्त वाढवला तर स्टँड लावायला दोन माणसं लागतील. दोन्ही पायांना तंतोतंत सारखं माप पाहिजे. तुकडा जोडल्यावर स्टँड दुमडून बघा, वाढलेला पाय सायलेन्सरला, चेनकव्हरला किंवा टायरला लागत नाही ना. लांब पायामुळं तो टक्क होऊन बसायचा कोन बदलतो, तोही रिकाम्या गाडीवर आणि ओझ्यावर असा दोन्हीकडं तपासा. स्टँडची स्प्रिंग जुनी असेल तर त्याच वेळी बदलून टाका, कारण वाढलेला स्टँड जड होतो आणि ढिल्या स्प्रिंगवर चालत्या गाडीत खाली लोंबतो.

आणि स्टँड गाडीवर ठेवून वेल्डिंग करू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्सचा नियम आला, तेव्हापासूनच्या गाड्यांत पेट्रोल सोडायचं काम संगणकाच्या डबीकडं असतं. वेल्डिंगचा करंट चासीतून फिरला तर ती डबी जाऊ शकते, आणि तिची किंमत स्टँडच्या कितीतरी पट आहे. पिन काढून स्टँड खाली उतरवायला पंधरा मिनिटं लागतात.

कायद्याचंही दोन ओळीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं, आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. खराब शॉकअप काढून त्याच मापाचा नवा बसवणं ही साधी दुरुस्ती आहे, त्याला कुणी अडवत नाही. पण गाडीची उंची आणि ठेवणच बदलली आणि पुढं अपघात झाला, तर एमएच २३ असो की अंबाजोगाईचा एमएच ४४, आधी विमा कंपनीचा माणूस त्या बदलावर बोट ठेवणार.

भावानं शेवटी काय केलं? त्यानं आधी फळीवर भागवलं. आठवडाभर ती फळी कॅनसोबत गाडीवर बांधून फिरवली. एक दिवस ती संकलन केंद्रावरच विसरली आणि संध्याकाळी परत गाडी हलली, फक्त या वेळी त्यानं पकडली. दुसऱ्या दिवशी तो जुना शॉकअप पिशवीत घालून बीडला गेला. चार दुकानं फिरला, प्रत्येक ठिकाणी टेप लावला, एका दुकानदारानं तर विचारलं, "पाहुणे, पोरगी बघायला आलाव का शॉकअप घ्यायला?" पाचव्या दुकानात मूळ मापाची जोडी मिळाली. पाच टप्प्यांची कडी त्यानं चौथ्यावर ठेवली, गाडी खाली टेकायची बरीच कमी झाली. लांब शॉकअप आधीच्या दुकानदारानं परत घेतले नाहीत. ते आता गोठ्यात खुंटीला टांगलेत, आणि टायरखालून दोन वह्या जातात.